दुरुस्तीनंतरची धूळ

म्हैसूर शहरात राजवाड्यापासून जवळच अग्रहार नावाचा जुना भाग आहे. 'अग्रहार' हा शब्द मराठी वाचकास अपरिचित नाही. विद्वान ब्राह्मणांच्या योगक्षेमासाठी राजाने दान दिलेली वस्ती, असा त्याचा मूळ अर्थ असून आपल्याकडील ताम्रपटांतही तो आढळतो. काळाबरोबर ही वस्ती सर्वांची झाली, दुकाने आली, रहदारी वाढली. तरीही म्हैसूरच्या अशा जुन्या भागांत पूर्वीच्या पद्धतीची काही घरे अद्याप उभी आहेत. रस्त्यालगत ओटा, ज्यास कन्नड भाषेत 'जगली' म्हणतात. आत आकाशास मोकळा असलेला चौक. लाकडी खांब, मंगलोरी कौले, चुन्याचा जाड गिलावा आणि तांबड्या रंगाची गुळगुळीत जमीन, असे त्यांचे रूप असते. चौकाच्या वाड्यात वाढलेल्या आपल्याकडील माणसास अशा घरात परके वाटावयाचे नाही.

समजा, अशा एका घराची दुरुस्ती नुकतीच पुरी झाली आहे. विजेच्या नव्या तारांसाठी भिंतींत खाचा पाडल्या, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा बसविला, न्हाणीघरात नव्या फरश्या आल्या, दारांचा जुना तैलरंग खरवडून नवा दिला. गवंडी व सुतार आपली हत्यारे आवरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणारी बाई पदर नाकाला लावून केरसुणी हातात घेते आणि घर झाडू लागते. क्षणार्धात खोली धुरकट होते. केर निघतो, जमीन स्वच्छ दिसते, आणि सायंकाळी पाहावे तो सर्व वस्तूंवर पुन्हा पांढरी पूड बसलेली! दुसऱ्या दिवशी तोच उद्योग, तिसऱ्या दिवशी तोच.

हा अनुभव बहुतेक सर्वांनी घेतलेला असतो. 'दुरुस्तीची धूळ महिनाभर जात नाही' असे म्हणून आपण तिचा विषय सोडून देतो. परंतु ही धूळ पुन्हापुन्हा का येते, ती साध्या धुळीहून वेगळी का, आणि ती कोणाच्या शरीरात जाते, या प्रश्नांची उत्तरे समजली तर साफसफाईची पद्धतच बदलावी लागते. ती उत्तरे व ती पद्धत यांचा विचार या लेखात केला आहे.

धूळ कशाची असते?

घरात एरवी साचणारी धूळ ही मातीचे कण, कपड्यांचे तंतू, त्वचेचे पापुद्रे, परागकण इत्यादींची बनलेली असते. दुरुस्तीनंतरची धूळ मुख्यतः खनिज असते. जुन्या गिलाव्यात चुना व वाळू असतात. चुन्याने हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून घेतल्यामुळे त्याचा बहुतांशी चुनखडीसारखा कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो. वाळू ही बहुधा क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची असते. विटा, काँक्रीट, फरश्या आणि ग्रॅनाइट यांतही सिलिका असतो.

सर्व दगडांत तो सारखा नसतो. संगमरवर व आपल्याकडे 'कडाप्पा' म्हणून ओळखली जाणारी काळी फरशी चुनखडीच्या कुळातील. त्यांत सिलिका थोडा असतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झचे प्रमाण शेकडा २० ते ३० किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हैसूरची चामुंडी टेकडी अशाच ग्रॅनाइटची आहे. अलीकडे स्वयंपाकघरात वापरला जाणारा कृत्रिम दगड क्वार्ट्झची पूड राळेत घट्ट बसवून बनवितात. त्यात क्वार्ट्झ शेकडा ९० किंवा त्याहून जास्त असू शकते. हा दगड कापणाऱ्या कामगारांत फुप्फुसाचे रोग फार लवकर आढळू लागल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरास बंदी घातली.

दगड हातोडी-छिन्नीने फोडीत तेव्हाही धूळ होई. आता विजेच्या वेगवान चकतीने फरशी कोरडीच कापली जाते. छिन्नीने खपल्या निघतात, तर चकतीने पीठ निघते. एक मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या दगडाच्या कणाचे एकेक मायक्रॉनचे तुकडे केले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तर त्यांची संख्या शंभर कोटी भरेल! मोहरीहूनही लहान अशा एका कणाचा हा विस्तार आहे.

कवडशातील कण

छपराच्या फटीतून येणाऱ्या कवडशात तरंगणारे कण सर्वांनी पाहिले आहेत. आपल्या प्राचीन शास्त्रकारांचेही त्याकडे लक्ष गेले होते. झरोक्यातून येणाऱ्या सूर्यकिरणांत दिसणाऱ्या सूक्ष्मतम कणास त्यांनी 'त्रसरेणु' असे नाव दिले होते. असे कण सदैव तरंगत राहतात की केव्हातरी खाली बसतात?

इंग्लंडमधील गणितज्ञ जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली द्रवातून अथवा वायूतून पडणाऱ्या लहान गोलावर होणाऱ्या रोधाचे गणित मांडले. त्यावरून असे निष्पन्न होते की, सूक्ष्म कणाचा व्यास निम्मा केला तर त्याचा खाली पडण्याचा वेग निम्मा न होता चौथा हिस्सा होतो. आणि व्यास दहावा हिस्सा केला तर वेग शंभरावा हिस्सा होतो.

हा नियम आपल्या खोलीस लावून पाहू. छत तीन मीटर उंच आहे व हवा अगदी स्थिर आहे असे समजू. शंभर मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे बारीक वाळूएवढा क्वार्ट्झचा कण पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणास सुमारे सहा मिनिटे लागतात. पाच मायक्रॉनच्या कणास सुमारे पंचवीस मिनिटे, तर एक मायक्रॉनच्या कणास जवळजवळ नऊ तास लागतात! आणि खोलीतील हवा खरोखर स्थिर कधीच नसते. पंखा, दाराची उघडझाप, माणसांची ये-जा, एवढेच काय पण माणसाच्या अंगाची ऊबही हवेस हलविते. त्यामुळे प्रत्यक्षात हे कण याहूनही अधिक काळ तरंगतात.

सायंकाळी पुन्हा दिसणाऱ्या धुळीचे कोडे येथे उलगडते. ती नवी धूळ नसते. सकाळी केरसुणीने उडविलेलीच धूळ दिवसभर हवेत फिरून परत आलेली असते. सुपलीत भरला जातो तो फक्त जाडसर भाग. सूक्ष्म भाग केरसुणी हवेत पसरवून देते. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे सत्तर मायक्रॉन असते, आणि सुमारे पन्नास मायक्रॉनहून लहान सुटा कण नुसत्या डोळ्यांस दिसणे कठीण. पाच मायक्रॉनचा कण कवडशात चमकला तरच त्याचे अस्तित्व कळावयाचे. जी धूळ आपण पाहतो, झटकतो व जिच्यावर चिडतो, ती तुलनेने निरुपद्रवी होय. उपद्रवी धूळ बहुधा दिसतच नाही.

श्वासाबरोबर आत

जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ व रोग या विषयावर व्याख्यान दिले. अंधाऱ्या खोलीतील प्रखर प्रकाशशलाकेत धूळ उजळून दिसते व धूळरहित हवा काळी दिसते, हे त्याने दाखविले. नंतर त्या शलाकेत त्याने नळीवाटे श्वास सोडला. श्वासाचा पहिला भाग उजळच होता. परंतु श्वास संपत आला तेव्हा शलाकेत गडद काळे छिद्र पडल्यासारखे दिसले. फुप्फुसाच्या अगदी खोल भागातून आलेली हवा धूळरहित झाली होती. त्या हवेतील धूळ अर्थातच आतच राहिली होती.

शरीरास धुळीपासून स्वतःचे रक्षण करता येते. नाकातील केस व श्वासनलिकेतील चिकट स्राव मोठे कण अडवितात आणि खोकल्यावाटे बाहेर टाकतात. परंतु चार-पाच मायक्रॉनहून लहान कण ही सर्व नाकी ओलांडून फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. चुनखडीचा कण असेल तर तो हळूहळू विरघळून जातो. स्फटिकरूप सिलिकाचा कण तसा विरघळत नाही. तो गिळणारी पेशीच मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये बाहेर सांडतात, कण पुन्हा मोकळा होतो व दुसरी पेशी त्यास गिळते. या चक्रातून फुप्फुसात व्रणासारख्या कठीण गाठी निर्माण होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. धुळीचा संपर्क थांबला तरी हा रोग पुढे वाढू शकतो, व झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. अशा फुप्फुसास क्षयरोगही सहज जडतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारा स्फटिकरूप सिलिका हा मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले.

या रोगाची ओळख भारतास म्हैसूर संस्थानातच झाली. कोलारच्या सुवर्णखाणी त्या संस्थानात होत्या. सोन्याची शीर क्वार्ट्झच्या खडकात असे. तो खडक छिद्रून व फोडून कामगार सोने काढीत. १९४० च्या दशकात तेथील सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा शेकडा ४० हून अधिक जणांत सिलिकोसिसची चिन्हे आढळली. या खाणी २००१ साली बंद झाल्या. तथापि ज्या धुळीने त्या कामगारांची फुप्फुसे निकामी केली, तीच धूळ आज फरशी कापणाऱ्याच्या चकतीतून निघत असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या घराची एकदा दुरुस्ती झाली म्हणून घरातील मंडळींना सिलिकोसिस होत नाही. त्यांना खोकला, शिंका, डोळ्यांची जळजळ व दमा असल्यास त्याचा जोर, एवढा त्रास होतो. खरा धोका असतो तो हे घर संपवून उद्या दुसऱ्या व परवा तिसऱ्या घरी जाणाऱ्या गवंड्यास, फरशी बसविणाऱ्यास आणि त्यांच्यामागून झाडलोट करणाऱ्या मजूर बायांस. आपणास जी आठ दिवसांची गैरसोय, ती त्यांच्या आयुष्यभराची हवा असते.

जुन्या रंगातील शिसे

दुसरा धोका मुलांना अधिक आहे. पूर्वी पांढऱ्या तैलरंगासाठी वापरला जाणारा सफेदा हा बहुधा शिशाचा कार्बोनेट असे. लोखंडी गजांना व जाळ्यांना पहिला हात देत तो शेंदराचा. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. पिवळ्या रंगासाठी शिशाचा क्रोमेट वापरीत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम २०१६ साली झाला व त्याचा अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव धरूनच चालावे. जुन्या घराच्या दारावर तर एकाखाली एक असे अनेक थर असतात.

असा रंग सँडपेपरने कोरडा घासला, किंवा ज्योतीने भाजून काढला, म्हणजे शिसे धुळीत अथवा धुरात उतरते. ते जमिनीवर, खिडकीच्या पट्टीवर व खेळण्यांवर बसते. रांगणारे मूल हात तोंडात घालते. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या मानाने शिसे अधिक शोषून घेते, आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. बुद्धी, लक्ष व शिकण्याची शक्ती यांना बाध पोहोचतो, तोही कोणतेही बाह्य लक्षण न दिसता. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. म्हणून जुना तैलरंग खरवडावयाचा असेल तर तो पाण्याने ओला करून खरवडावा, खाली पडणाऱ्या खपल्या जाड कागदावर किंवा प्लॅस्टिकच्या कापडावर धराव्यात, आणि काम व सफाई पुरी होईपर्यंत मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या घरात ठेवू नये.

परसातील न्हाणीघरावर वा पडवीवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे असल्यास ते काढताना तोडू, छिद्रू किंवा घासू नयेत. त्यांतील सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनंतर कर्करोग उद्भवू शकतो. पत्रे पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत व इतर राडारोड्यात मिसळू नयेत. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे.

सफाईची रीत

आता मूळ विषयाकडे वळू. वरील विवेचनातून एकच नियम निघतो : धूळ उडवू नये; भिजवून उचलावी. पाण्याने सूक्ष्म कण एकमेकांस व फडक्यास चिकटतात. कण चिकटून झालेला पुंजका जड असतो. तो हवेत तरंगू शकत नाही. अंगण झाडण्यापूर्वी सडा घालण्याची आपल्याकडील रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. म्हैसूरकडेही प्रातःकाळी दारापुढे पाणी शिंपडून मग रांगोळी घालतात. आपण अंगणात जे करतो ते घरात करावयास विसरतो.

सफाईचा आरंभ वास्तविक दुरुस्तीच्या आधी होतो. सामान हलवावे, हलविता न येणारे झाकून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. काम चाललेल्या खोलीच्या दारावर ओले कापड किंवा प्लॅस्टिकचा पडदा सोडावा. पाण्याची टाकी, धान्याचे डबे व देवघर यांवर घट्ट झाकण असावे. फरशी घराबाहेर, आणि चकतीवर पाण्याची धार सोडून कापावयास सांगावे. विजेचे हत्यार व पाणी यांची गाठ पडते म्हणून अशा कामासाठीच बनविलेले यंत्र असले पाहिजे; साध्या यंत्रावर पाणी ओतू नये. ओल्याने कापल्यास धुळीचा बराच मोठा भाग जन्मतःच नाहीसा होतो.

काम संपल्यावर प्रथम जाड राडारोडा उचलावा. त्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. ओतू नये, कारण सिमेंट वा प्लास्टर यांचा चिखल झाला तर तो वाळून जमिनीस चिकटून बसतो. विटांचे तुकडे व गिलावा फावड्याने अलगद घमेल्यात भरावा. उंचावरून टाकू नये. नंतर पंखे बंद ठेवून, बाहेरच्या बाजूची तावदाने उघडून आणि घरातील इतर खोल्यांची दारे लावून ती खोली रात्रभर तशीच सोडावी. एक मायक्रॉनच्या कणास नऊ तास लागतात, हे येथे ध्यानात घ्यावे. घाईने त्याच सायंकाळी पुसलेले घर दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसावेच लागते.

दुसऱ्या दिवशी पुसण्यास आरंभ करावा तो वरून. प्रथम छत, तुळया व पंखे, मग भिंती, कोनाडे व फडताळे, मग दारे-खिडक्या, आणि सर्वांत शेवटी जमीन. जमिनीवर आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे यावे, म्हणजे पुसलेल्या जागेवर पाय पडत नाही. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना ओला अभ्रा चढवून ओढून घेतला म्हणजे धूळ खाली न पडता अभ्र्यातच राहते. पंखा व विजेची बटणे पुसण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. बटणे कोरड्या फडक्यानेच पुसावीत.

दोन बादल्या घ्याव्यात. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत फडके पिळावयाचे. एकाच बादलीत फडके बुडवून पुसत गेल्यास धूळ केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, व जमीन वाळल्यावर पांढरे पट्टे उठतात. हे सर्व झाल्यावर एक दिवस जाऊ द्यावा व पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसावे. दोनदा केलेल्या अशा सफाईने साधते ते महिनाभराच्या झाडण्याने साधत नाही.

धूळ ओढून घेणारे विजेचे यंत्र असल्यास त्यात हेपा नावाची सूक्ष्म गाळणी आहे काय, हे पाहावे. नसेल तर यंत्राच्या पिशवीतून सूक्ष्म धूळ पलीकडे निघून पुन्हा खोलीत येते. नाकावर बांधलेला रुमाल किंवा पदर मोठे कण अडवितो, सूक्ष्म कण अडवीत नाही. एन-९५ अथवा एफएफपी-२ या प्रकारचा मुखवटा नाका-गालांशी घट्ट बसवून वापरावा. तो आपण तर वापरावाच. परंतु ज्या बाईस आपण सफाईस लावतो तिला तो आधी द्यावा. काम झाल्यावर कपडे न झटकता वेगळे भिजवावेत व स्नान करावे, अन्यथा ही धूळ कपड्यांवरून घरच्या मुलांपर्यंत जाते.

आम्ल व चुना

नव्या फरशीवर राहिलेले सिमेंटचे डाग काढण्यासाठी बाजारातील तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, वापरण्याची चाल आहे. ते सिमेंट विरघळविते हे खरे, पण त्याबरोबर आणखी काय विरघळते हे पाहिले पाहिजे. संगमरवर, कडाप्पा, मोझेक व सिमेंटात लोहाचा तांबडा ऑक्साइड घालून केलेली तांबडी जमीन या सर्वांना आम्ल खाते. जुन्या घरांतील जी तांबडी जमीन पिढ्यान्‌पिढ्या पुसून आरशासारखी झालेली असते, तिची चकाकी तेजाबाच्या एका हाताने कायमची जाते. अशा जमिनीवरील डाग ओले करून लाकडी पट्टीने हलकेच खरवडावेत. दगडाची खात्री नसल्यास कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तेथे निस्तेज ठिपका राहिला, तर आम्लाचे नाव काढू नये.

तेजाब व ब्लीचिंग पावडर यांचा मात्र कधीही संयोग होऊ देऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. ओला चुना व ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतात; उघड्या हातांनी सतत हाताळल्यास त्वचा भाजते, पण लगेच वेदना होत नसल्याने उशिरा कळते. रबरी हातमोजे वापरावेत. डोळ्यात चुना गेल्यास तेल-तूप न घालता भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा व तत्काळ डॉक्टरकडे जावे.

गढूळ पाणी व राडारोडा

फडके पिळलेले गढूळ पाणी मोरीत ओतू नये. त्यातील सिमेंट व प्लास्टर नळात साचून पाण्याखालीही घट्ट होतात. बादली रात्रभर स्थिर ठेवावी. हवेत कण खाली बसतात तसेच ते पाण्यातही बसतात. सकाळी वरचे निवळ पाणी ओतून द्यावे व तळाचा गाळ राडारोड्यात टाकावा.

राडारोड्यातही निवड करावी. जुन्या घरातील अखंड विटा, कौले, सागवानी चौकटी व दगडी पायऱ्या या टाकावयाच्या वस्तू नव्हेत. चुन्यात बांधलेली वीट ठोकली असता सुटी होते व पुन्हा बांधकामास येते. हा चुन्याच्या बांधकामाचा मोठा गुण आहे. लोखंड भंगारात द्यावे. शिसेयुक्त रंगाच्या खपल्या वेगळ्या बांधून ठेवाव्यात. जुने रंगविलेले लाकूड चुलीत किंवा बंबात जाळू नये, कारण त्यातील शिसे धुरात व राखेत उतरते. उरलेला राडारोडा महानगरपालिका सांगेल तेथे पाठवावा. बांधकाम व पाडकाम यांच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली प्रथमच स्वतंत्र नियम केले. हा कचरा रस्त्यावर वा गटारात टाकावयाचा नाही आणि घरगुती कचऱ्यात मिसळावयाचा नाही, असे त्यांत सांगितले होते. म्हैसूर शहर २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात ७३ शहरांत पहिले आले होते. असा लौकिक शेवटी प्रत्येक घरमालक आपले घमेले कोठे रिकामे करतो यावरच टिकतो.

शाळा व ग्रंथालये

शाळांची रंगरंगोटी बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत होते आणि सफाई शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी. ही सफाई विद्यार्थ्यांकडून कोरड्या खराट्याने करवून घेऊ नये. ग्रंथालयात काम निघाल्यास कपाटे आधीच झाकावीत. पुस्तकांस पाणी चालत नाही, म्हणून तेथे रीत निराळी. पुस्तक घट्ट मिटून धरावे व मऊ कुंचल्याने पुठ्ठ्याच्या पाठीकडून बाहेरच्या कडेकडे, मोकळ्या जागी, वरची धूळ काढावी. पुस्तके आपटून झटकल्यास धूळ पानांत शिरते.

शिक्षकांस दोन सोपे प्रयोग करून दाखविता येतील. पहिल्यात वर्गाच्या खिडक्या झाकून एकच कवडसा आत येऊ द्यावा व त्यालगत फळा पुसण्याचा डस्टर एकदा आपटावा. प्रथम कवडसा पांढरा होईल. तो पूर्ववत होण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळावर मोजावे. मग ओल्या फडक्याने तोच डस्टर पुसून पुन्हा आपटावा व फरक पाहावा. दुसऱ्यात उंच काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात वाळू व बारीक माती टाकून ढवळावे. वाळू लगेच तळाशी जाते, माती तासन्‌तास तरंगते. स्टोक्सचा नियम एवढ्या साधनांनी डोळ्यांसमोर उभा राहतो.

अग्रहारातील त्या घराकडे आता पुन्हा पाहू. काम तेच, धूळ तीच, घर पुसणारी बाईही तीच. परंतु खोली रात्रभर मिटून ठेवलेली आहे, पंखा बंद आहे, बाईच्या नाकावर पदराऐवजी मुखवटा आहे, हातात केरसुणीऐवजी ओले फडके आहे आणि बाजूस दोन बादल्या आहेत. या व्यवस्थेस फारसा खर्च लागला नाही. लागला तो एका रात्रीचा धीर, आणि आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाच्या श्वासाची आपल्या श्वासाइतकीच काळजी. दुपारी चौकातून आत आलेल्या कवडशात कण विरळ दिसू लागले, म्हणजे दुरुस्ती पुरी झाली असे समजावे.